पदवी-अभ्यासक्रमातील उत्क्रांतिविज्ञान : स्वरूप, साधने आणि क्रम

जीवविज्ञानाच्या पदवी-अभ्यासक्रमात उत्क्रांतीला जागा असावी की नसावी, हा वाद विद्वानांत आता उरलेला नाही. वाद उरला आहे तो त्या जागेच्या स्वरूपाविषयी. प्राणिशास्त्राच्या वा वनस्पतिशास्त्राच्या अखेरच्या वर्षी शिकवावयाचे एक प्रकरण, एवढेच उत्क्रांतीचे स्थान आहे काय? की इतर सर्व प्रकरणांचा परस्परसंबंध ज्यामुळे कळतो असे ते एक शास्त्र आहे? अमेरिकेतील प्रिन्स्टन व येल ह्या विद्यापीठांत परिस्थितिविज्ञान आणि उत्क्रांतिविज्ञान ह्यांचे स्वतंत्र विभाग असून पदवीच्या विद्यार्थ्याला तोच आपला मुख्य विषय म्हणून निवडता येतो. आपल्याकडील बहुतेक विद्यापीठांत मात्र ह्या विषयाची वाटणी प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, आनुवंशिकी आणि भूविज्ञान अशा अनेक घरांत झालेली आहे. आणि जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, ह्या न्यायाने त्याच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते.

नव्या पदवीचा पुरस्कार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. उत्क्रांतिविज्ञान पदवीच्या पातळीवर शिकावयाचे झाल्यास विद्यार्थ्याला नेमके काय शिकावे लागते, कोणती साधने हाताळावी लागतात आणि ती कोणत्या क्रमाने हाती यावीत, एवढेच येथे पाहावयाचे आहे. आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी अनेकांना उद्या हा विषय पदवीच्या वर्गाला शिकवावा लागेल. त्या दृष्टीने ह्या विवेचनाचा काही उपयोग व्हावा.

१. शब्द आणि त्याची ओढ

प्रारंभी विषयाच्या नावाचाच विचार केला पाहिजे. संस्कृतात 'उत् + क्रम्' ह्याचा अर्थ वर चढणे किंवा बाहेर पडणे असा आहे. उपनिषदांत प्राण देहातून निघून जातो त्या प्रसंगी हाच धातू येतो. मराठीत 'उत्क्रांती' हा शब्द रूढ झाला तो मात्र सजीवांच्या जाती कालांतराने पालटतात ह्या अर्थाने. मराठी विश्वकोशाने 'क्रमविकास' ही संज्ञा योजली आहे. दोन्ही शब्द चालण्यासारखे आहेत. परंतु एकात 'वर जाणे' आणि दुसऱ्यात 'वाढणे' ही छटा असल्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात नकळत एक शिडी उभी राहते. तळाशी जंतू, मग मासा, मग बेडूक, मग सरडा आणि सर्वांत वरच्या पायरीवर मनुष्य! दशावतारांच्या क्रमात उत्क्रांतीचे सार पाहण्याची जी सवय आपल्याकडे आहे, तिच्यामुळे ही शिडी अधिकच पक्की होते. दशावतारांना त्यांच्या क्षेत्रात जो अर्थ आहे तो आहेच. परंतु उत्क्रांतीचे चित्र म्हणून ते दिशाभूल करणारे आहेत, कारण तेथे एकामागून एक अशी रांग आहे, फाटे नाहीत.

डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आकृती एकच होती, आणि ती फांद्या फुटत जाणाऱ्या रेषांची होती, हे ह्या संदर्भात अर्थपूर्ण आहे. आजचा चिंपांझी हा मनुष्याचा पूर्वज नव्हे. सुमारे साठ ते सत्तर लाख वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका समान पूर्वजापासून दोन्ही शाखा निघाल्या, आणि तेव्हापासून दोन्ही सारखाच काळ बदलत आल्या आहेत. आपल्या आतड्यातील जंतूची वंशपरंपराही आपल्या वंशपरंपरेइतकीच जुनी आहे. म्हणून पदवीच्या पहिल्याच तासाला द्यावयाची व्याख्या 'प्रगती' ह्या कल्पनेपासून मुक्त असली पाहिजे. एखाद्या जीवसमूहातील आनुवंशिक भेदांचे प्रमाण पिढ्यांगणिक पालटत जाणे म्हणजे उत्क्रांती. व्यक्तीची उत्क्रांती होत नाही, समूहाची होते. ही व्याख्या रूक्ष वाटेल. परंतु पुढील सर्व इमारत तिच्यावरच उभी राहते.

२. 'कसे' आणि 'का'

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्नांचे दोन प्रकार विद्यार्थ्याला ओळखता आले पाहिजेत. अर्न्स्ट मायर ह्यांनी १९६१ साली जीवविज्ञानातील कारणांचे दोन वर्ग मांडले. पावशा पावसाच्या सुमारास ओरडू लागतो, ह्याचे एक कारण त्याच्या शरीरातील संप्रेरकांत आणि मज्जासंस्थेत शोधावयाचे असते. ते निकटचे कारण. परंतु ह्या जातीत अशी शरीररचना आली कशी, आणि ह्याच ऋतूत ओरडणाऱ्या पूर्वजांची संतती अधिक का टिकली असावी, हा प्रश्न निराळा. त्याचे उत्तर जातीच्या इतिहासात आहे. ते दूरचे कारण. शरीरक्रियाविज्ञान पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, उत्क्रांतिविज्ञान दुसऱ्याचे. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवणे हा आपल्या परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत वारंवार आढळणारा गोंधळ होय.

थिओडोसियस डोब्झान्स्की ह्यांनी १९७३ साली शिक्षकांसाठी लिहिलेल्या निबंधाचा रोख हाच होता. उत्क्रांतीचा प्रकाश नसेल तर जीवविज्ञान म्हणजे सुट्या माहितीचा ढीग राहतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि त्याच निबंधात त्यांनी श्रद्धा व हे शास्त्र ह्यांत विरोध मानण्याचे कारण नाही असे म्हटले, हेही सांगण्याजोगे आहे.

३. सिद्धान्ताची घडण

ह्या शास्त्राचा इतिहास शिकविण्याचे प्रयोजन केवळ नावे व सने पाठ करणे हे नव्हे. प्रत्येक टप्प्यावर कोणती अडचण होती आणि ती कशी सुटली, हे कळले म्हणजे सिद्धान्ताचे भाग वेगवेगळे दिसू लागतात.

१ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन व वॉलेस ह्यांचे लेखन एकत्र वाचण्यात आले. नैसर्गिक निवडीची कल्पना त्यात होती. परंतु आनुवंशिकतेचा खरा नियम दोघांनाही ठाऊक नव्हता. मातापित्यांचे गुण रंगांसारखे एकमेकांत मिसळत असतील, तर नवा उपयुक्त भेद काही पिढ्यांतच पातळ होऊन नाहीसा होईल, ही अडचण डार्विनला शेवटपर्यंत सुटली नाही. तिचे उत्तर मेंडेलने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या वाटाण्यावरील निबंधात होते. पण त्याचे महत्त्व १९०० सालापर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही. आनुवंशिक घटक मिसळत नाहीत. ते सुटे राहतात आणि पुढच्या पिढीत पुन्हा अखंड प्रकट होतात.

ह्यावरून १९०८ साली एक साधा पण मूलभूत निष्कर्ष निघाला. तो जर्मनीत वाइनबर्ग ह्यांनी आणि इंग्लंडात हार्डी ह्यांनी स्वतंत्रपणे काढला. हे हार्डी म्हणजे पुढे रामानुजन ह्यांना केंब्रिजला बोलावून घेणारे गणितज्ञ होत. जनुकाची दोन रूपे प आणि क ह्या प्रमाणात असतील आणि विवाह यदृच्छेने होत असतील, तर पुढच्या पिढीत तीन प्रकारच्या व्यक्ती प × प, २ × प × क आणि क × क ह्या प्रमाणात जन्मतील. आणि बाहेरून काही घडले नाही तर हे प्रमाण तसेच राहील. उदाहरणार्थ, प ०.९ आणि क ०.१ असेल तर शंभरांत ८१, १८ आणि १ असे तीन गट पडतात. न्यूटनच्या गतिशास्त्रात जे स्थान जडत्वाच्या नियमाला आहे, तेच येथे ह्या नियमाला आहे. काहीच घडत नसता काय होईल हे ठाऊक असल्याखेरीज काही घडले आहे हे ओळखता येत नाही.

त्यानंतर १९३० ते १९३२ ह्या काळात फिशर, राइट आणि हॉल्डेन ह्यांनी निवड, उत्परिवर्तन आणि यदृच्छा ह्यांचे गणित उभारले. १९३७ साली डोब्झान्स्की ह्यांनी ते निसर्गातील माश्यांच्या निरीक्षणाशी जोडले. १९६८ साली किमुरा ह्यांनी रेणूंच्या पातळीवरील बहुसंख्य बदल निवडीच्या दृष्टीने उदासीन असतात असा सिद्धान्त मांडला. म्हणजे 'उत्क्रांती' आणि 'नैसर्गिक निवड' हे दोन शब्द समानार्थी नव्हेत. निवड हे उत्क्रांतीचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. पदवीधराला एवढा भेद स्पष्ट झाला तरी पुष्कळ साधले.

४. एक उदाहरण : विदर्भातील सिकल सेल

वरील गणित कागदावरचे नाही, हे दाखविण्यासाठी आपल्याच प्रदेशातील उदाहरण घेऊ. सिकल सेल ह्या रोगात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. हीमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच मूळ फरक. भारतात हा गुण प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत आढळला. महाराष्ट्रात त्याचे प्रमाण विदर्भातील अनेक आदिवासी व दलित समाजांत आणि सातपुड्याच्या पट्ट्यात अधिक आहे.

प्रश्न असा की, इतके घातक जनुक टिकले कसे? ह्याचे उत्तर १९५४ साली ॲलिसन ह्यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणावरून दिले. ज्याच्याकडे ह्या जनुकाची एकच प्रत असते त्या वाहकाला सहसा रोग होत नाही. उलट हिवतापाच्या घातक प्रकारापासून त्याला काही संरक्षण मिळते. रक्ताच्या अशाच दुसऱ्या एका विकारासंबंधी हिवतापाचे हे स्पष्टीकरण हॉल्डेन ह्यांनी १९४९ सालीच सुचविले होते.

आता गणित पाहू. साध्या रूपास अ आणि सिकल रूपास स म्हणू. हिवतापाच्या प्रदेशात वाहकांची (अस) दहा संतती टिकते तेव्हा साध्या व्यक्तींची (अअ) नऊच टिकते, आणि रोगी व्यक्तींची (सस) एकही टिकत नाही, असे समजू. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. अ चे प्रमाण प आणि स चे प्रमाण क असेल, तर अ ह्या रूपाचे सरासरी यश ०.९ × प + क इतके होईल. स चे यश फक्त प इतके, कारण सस मधून काही पुढे जात नाही. दोन्हींचे यश समान झाले की प्रमाण स्थिर होते. म्हणजे ०.९ × प + क = प; म्हणून क हा प च्या एकदशांश; म्हणून क = १/११. नवजात बालकांत १२१ पैकी १ रोगी, २० वाहक आणि १०० साधी असे प्रमाण येईल. दहातील केवळ एका अंशाच्या फायद्यामुळे एक प्राणघातक जनुक समाजात कायम राहू शकते, हे ह्यावरून दिसते. कोणालाही रोगाची 'गरज' नव्हती. हिवताप आहे म्हणून हे उत्परिवर्तन उत्पन्न झाले असेही नव्हे. ते यदृच्छेने झाले आणि हिवतापाच्या प्रदेशात टिकून राहिले.

पुढची पायरी अधिक उद्बोधक आहे. हिवताप पूर्णपणे हटला असे समजू. आता वाहकाला फायदा नाही. स चे प्रमाण घटू लागेल. ते किती वेगाने घटेल? गणित करता ते १/११ वरून पुढच्या पिढीत १/१२, नंतर १/१३ असे उतरते. निम्मे, म्हणजे १/२२ व्हावयास अकरा पिढ्या लागतील. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर २७५ वर्षे! घट मंद असण्याचे कारण असे की, स च्या बहुतेक प्रती वाहकांत दडलेल्या असतात आणि तेथे निवडीची नजर त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे हिवतापाचे नियंत्रण झाले की हा रोग आपोआप नाहीसा होईल, ही अपेक्षा चुकीची ठरते. रक्ततपासणी, समुपदेशन आणि उपचार ह्यांची आवश्यकता राहतेच; भारत सरकारने २०२३ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेमागील विचार हाच आहे. वाहक असणे म्हणजे रोगी असणे नव्हे आणि कोणत्याही समाजाचे रक्त 'दूषित' असणेही नव्हे, हे गावागावांत समजावून सांगण्याचे काम ज्या आरोग्यसेवकाला करावयाचे आहे, त्याला ही दहा ओळींची बीजगणिताची मांडणी ठाऊक असणे हा विलास म्हणता येणार नाही.

५. दुसरे उदाहरण : गुलाबी बोंडअळी

तेच गणित कापसाच्या शेतातही लागू पडते. बीटी कापसाला भारतात २००२ साली मान्यता मिळाली. त्यातील विषाला गुलाबी बोंडअळी प्रतिकार करू लागल्याचे २०१० साली गुजरातेतून जाहीर झाले. २००६ पासून दोन विषे असलेले वाण आले होते. तरीही २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस-उत्पादकांना ह्या अळीने मोठा फटका दिला.

समजा, प्रतिकाराचे जनुक हजारात एक आहे आणि त्याच्या दोन प्रती असल्यावरच अळी वाचते. वरील नियमाप्रमाणे अशा अळ्या दहा लाखांत एक. परंतु सगळे शिवार बीटी कापसाचे असेल तर जगतील त्या ह्याच. त्यांचे पतंग आपसांतच मीलन करतील आणि त्यांची सर्व संतती प्रतिकारक्षम होईल. ह्याउलट, बीटी कापसाभोवती साध्या कापसाच्या काही ओळी लावल्या तर तेथे असंख्य साधे पतंग तयार होतात. दुर्मिळ प्रतिकारक पतंगाला मग बहुधा साधाच जोडीदार मिळतो. संततीत जनुकाची एकच प्रत येते, आणि ती बीटी झाडावर मरते. बियाण्याबरोबर मिळत असलेल्या 'रेफ्युजी'च्या लहान पाकिटाचा हेतू हा होता. पुष्कळ शेतांत हे पाकीट पेरलेच गेले नाही, कारण अळीसाठी ओळी राखून ठेवण्याचे प्रयोजन शेतकऱ्याला कोणी पटेल अशा भाषेत सांगितले नव्हते. कृषिपदवीधराला ते सांगता यावयाचे असेल, तर त्याने लोकसंख्या-आनुवंशिकी केवळ परीक्षेपुरती वाचून भागणार नाही.

६. इतिहासाचा पुरावा

उत्क्रांतिविज्ञानाचे एक अंग गणिती व प्रायोगिक आहे; दुसरे अंग ऐतिहासिक आहे. जे एकदाच घडून गेले त्याविषयी खात्रीने कसे बोलावे, ही ऐतिहासिक शास्त्रांची कसोटी. तिचे उत्तम उदाहरण देवमाशाचे.

देवमासा सस्तन आहे, म्हणजे त्याचे पूर्वज जमिनीवर चालत असले पाहिजेत, हे फार पूर्वीच ध्यानात आले होते. परंतु कोणते पूर्वज? १९९० नंतरच्या दशकात रेणवीय पुराव्यावरून पाणघोडा हा त्याचा सर्वांत जवळचा जिवंत आप्त ठरू लागला. म्हणजे देवमासा गाय, हरीण, डुक्कर ह्यांच्या समखुरी गणात मोडतो. पुढे २००१ साली पाकिस्तानातील जीवाश्मांत प्राचीन देवमाशाच्या घोट्याची हाडे मिळाली, ती नेमकी समखुरी प्राण्यांच्या धर्तीची होती. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव ह्यांनी जमविलेल्या खडकांत इंडोहायस नावाच्या लहान समखुरी प्राण्याचे अवशेष होते. १९७१ साली त्यांनीच त्याचे नामकरण केले होते. त्यांच्या पश्चात ते खडक थेविसन ह्यांच्याकडे अभ्यासासाठी आले. त्यांतील एका कवटीत कानाच्या हाडाची एक विशिष्ट जाडी दिसली, जी तोवर केवळ देवमाशांतच माहीत होती. २००७ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. हा प्राणी सुमारे चार कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वीचा आहे.

येथे विद्यार्थ्याने पाहावयाचे ते हे की, रेणू, घोटा आणि कान ह्या तीन साक्षीदारांची आपसांत गाठ पडण्याचा संभव नव्हता, तरीही तिघांची साक्ष एकच निघाली. ऐतिहासिक शास्त्रात प्रमाण म्हणतात ते ह्याला. आणखी एक गोष्ट. महत्त्वाचा पुरावा कित्येक वर्षे न फोडलेल्या दगडात पडून होता. संग्रहालये व नमुन्यांची कपाटे ही अभ्यासक्रमाची अडगळ नव्हेत, हे ह्यावरून समजावे.

७. डोळ्यांदेखत होणारी उत्क्रांती

उत्क्रांती अतिमंद असल्यामुळे ती पाहता येत नाही, हा समजही आता टिकत नाही. पीटर व रोझमेरी ग्रँट ह्या दांपत्याने १९७३ पासून गालापागोस द्वीपसमूहातील डॅफ्ने मेजर ह्या लहानशा बेटावर फिंच पक्ष्यांची मोजमापे ठेवली. १९७७ च्या अवर्षणात लहान, मऊ बिया संपल्या. उरल्या त्या मोठ्या व कठीण. लहान चोचीचे पक्षी अधिक मेले आणि पुढील पिढीची सरासरी चोच जाड झाली. नंतर १९८२–८३ च्या अतिवृष्टीने लहान बियांचे पीक आले, आणि निवडीची दिशा उलटली. 'वर जाण्याची' कल्पना खोडून काढण्यास ह्याहून चांगला पुरावा शोधूनही सापडणार नाही. चोचीचे चांगले-वाईटपण त्या वर्षीच्या बियांवर ठरले.

प्रयोगशाळेतील उदाहरण रिचर्ड लेन्स्की ह्यांचे. त्यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये आतड्यातील एका सामान्य जंतूच्या एकाच वंशापासून बारा समूह सुरू केले. रोज प्रत्येक समूहाचा शंभरावा अंश नव्या द्रवात घालावयाचा, म्हणजे दिवसाला सुमारे साडेसहा पिढ्या. आणि दर पाचशे पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवावयाचा. म्हणजे पूर्वज आणि वंशज ह्यांना एकाच कुपीत स्पर्धेस उतरविता येते. जीवाश्म पुन्हा जिवंत करण्यासारखेच हे आहे. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर बारांपैकी एका समूहात हवेच्या सान्निध्यात सायट्रेट पचविण्याची क्षमता आली, जी त्या जंतूच्या जातीत सहसा नसते. हा प्रयोग पंचाहत्तर हजार पिढ्यांपलीकडे गेला असून २०२२ साली तो टेक्सस विद्यापीठात हलविण्यात आला. बाराही समूह सारख्याच परिस्थितीत असताना ही क्षमता एकाच समूहात यावी, ह्यावरून नियम आणि यदृच्छा ह्यांचे परस्परनाते किती सूक्ष्म आहे हे दिसते.

८. साधनांची अडचण आणि हॉल्डेन ह्यांचा धडा

आपल्या महाविद्यालयांत असे प्रयोग होणार कसे, अशी शंका येथे निघणे स्वाभाविक आहे. ह्या शंकेचे एक उत्तर आपल्याच देशात देऊन झालेले आहे. जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली महालनोबिस ह्यांच्या निमंत्रणावरून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे भारताचे नागरिक झाले, आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे निधन होईपर्यंत येथेच राहिले. ह्या शास्त्राच्या गणिती पायाचे ते एक शिल्पकार. तथापि येथील तरुणांना त्यांनी महागड्या उपकरणांकडे नव्हे, तर अंगणातील झाडांकडे व पाखरांकडे वळविले. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी एकाने नारळाच्या झाडांची पाने डावीकडे वळसे घेतात की उजवीकडे, ह्याची गणती केली. दुसऱ्याने घाणेरीच्या निरनिराळ्या रंगांच्या फुलांवर कोणती फुलपाखरे किती वेळा बसतात, हे मोजले. वही, पेन्सिल, चिकाटी आणि संख्याशास्त्राचे ज्ञान एवढेच ह्या कामांचे भांडवल होते.

अशी कामे पदवीच्या विद्यार्थ्याला आजही करता येतील. ओढ्याकाठच्या गोगलगाईंच्या शिंपल्यांची मापे, एकाच माळावरील गवताच्या कणसांतील भेद, पिकल्या केळ्यावर जमणाऱ्या फळमाश्यांच्या काही पिढ्या बाटलीत वाढवून ठेवलेली नोंद, ह्यांपैकी काहीही चालेल. ज्याने स्वतः दोनशे शिंपले मोजले आहेत, त्याला 'भेद' हा शब्द पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

९. क्रम

आता अभ्यासक्रमाच्या मांडणीकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेयांक-पद्धतीच्या आदर्श अभ्यासक्रमात प्राणिशास्त्राच्या पदवीसाठी उत्क्रांतीचा मुख्य पेपर अखेरच्या, सहाव्या सत्रात ठेवलेला होता. वर्गीकरण, शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, आनुवंशिकी असे सर्व झाल्यावर शेवटी उत्क्रांती. ह्या क्रमामागील तर्क समजण्यासारखा आहे. सर्व सामग्री जमल्यावर निष्कर्ष सांगावा, असा तो तर्क. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, पाच सत्रे विद्यार्थी संघांची व वर्गांची लक्षणे एका यादीतील नोंदी म्हणून पाठ करतो, आणि त्या याद्या एकाच वंशवृक्षाच्या फांद्या होत्या हे त्याला निरोपाच्या वेळी कळते.

शालेय पातळीवर ह्या प्रश्नाला निराळे गांभीर्य आले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अभ्यासभार कमी करण्याच्या कारणाने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व इतरांनी ह्याविरुद्ध जाहीर पत्रकावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय ठेवण्यात आला होता. परंतु दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. महाराष्ट्र राज्याच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मात्र पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांती हा होता. तेव्हा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात काही विद्यार्थी ह्या विषयाची ओळख घेऊन येतील आणि काही तिच्यावाचून येतील. पाया पदवीच्या पहिल्या वर्षीच घालावा, ह्याला हे आणखी एक कारण आहे.

क्रम पुढीलप्रमाणे असावा, असे सुचवावेसे वाटते. पहिल्या वर्षी भेदांचे मापन, प्राथमिक संख्याशास्त्र, मेंडेलचे नियम आणि नैसर्गिक निवडीची कल्पना. दुसऱ्या वर्षी लोकसंख्या-आनुवंशिकी, आणि वर्गीकरणाचे सर्व अध्ययन वंशवृक्षाच्या आधारे. तिसऱ्या वर्षी भूविज्ञान व जीवाश्म, रेणवीय पुरावा, वर्तन आणि नव्या जातींची उत्पत्ती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने चौथ्या संशोधन-वर्षाची वाट मोकळी केली आहे. ते वर्ष वर सांगितल्यासारख्या एखाद्या स्थानिक अभ्यासास द्यावे. गणिताचा पाया कच्चा असलेल्या विद्यार्थ्याला हे झेपणार नाही, असा आक्षेप येईल. परंतु सिकल सेलच्या उदाहरणात बेरीज, गुणाकार आणि एक समीकरण ह्यांपलीकडे काहीच लागले नाही.

ह्याच्या जोडीला सिद्धान्ताच्या गैरवापराचा इतिहासही शिकविला पाहिजे. 'योग्यतमाचे टिकणे' हा शब्दप्रयोग स्पेन्सर ह्यांनी १८६४ साली केला; १८८३ साली गॉल्टन ह्यांनी सुप्रजाजननशास्त्राला नाव दिले, आणि पुढे त्याच्या आधारे अनेक देशांत माणसांवर अन्याय झाले. 'योग्य' म्हणजे त्या परिस्थितीत अधिक संतती मागे ठेवणारा, एवढाच शास्त्रीय अर्थ. त्यात श्रेष्ठ-कनिष्ठतेचा निवाडा नाही. विळ्याच्या आकाराच्या पेशींचे जनुक हिवतापाच्या रानात हितकर आणि हिवताप नसलेल्या शहरात अहितकर ठरते, हे ज्याने स्वतः मांडून पाहिले आहे, तो माणसांची प्रतवारी लावण्यासाठी ह्या शास्त्राची साक्ष काढणार नाही.

उत्क्रांतिविज्ञानाची स्वतंत्र पदवी आपल्याकडे केव्हा निघेल ती निघो. तोवर प्राणिशास्त्राच्या वा वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक अध्यापकाला एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. कोणताही अवयव, कोणतीही जाती वा कोणताही रोग शिकविताना 'हे कसे चालते' ह्या प्रश्नाबरोबर 'हे असे का झाले' हा प्रश्न वर्गापुढे ठेवावा आणि त्याच्या उत्तरासाठी पुरावा मागावा. त्यासाठी अभ्यास-मंडळाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही.